आमू मले एकटीलेच सांगून गेली

२ फेब्रुवारी, रविवार

"आजी, मी तिकडं लिहीन, तू इकडं लिही, मी आली की अदलाबदल करू," असं आमू म्हणून गेली, म्हणून हे लिहून राहिली. नाहीतर मी कुठली लिहिणारी. गावी तिसरीपर्यंत शाळा, मंग लग्न. लहानूनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, भिलाईले आणल्यावर सेक्टरमधल्या बायांच्या वर्गात थोडं आणखी शिकली. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येते.

आमू म्हणजे माझ्या नरेशची पोरगी आम्रपाली. बंगलोरले कंपुटरची नोकरी करते. आज ती विमानात बसून दक्षिण अमेरिकेले चालली. पाठीवर सिमेंटच्या बोरीएवढी बॅग, आणि एकटी. तिकडले डोंगर, मिठाचं मैदान, जुनी गावं, मोठा धबधबा, सारं पाहून महिन्याभरानं येणार. आणि हे घरात फक्त मले माहीत आहे!

मागच्या खेपेले आली तेव्हा आम्ही दोघी ओट्यावर पोपटाच्या शेंगा सोलत होतो. एकदम कानाशी आली आणि म्हणे, "आजी, सिर्फ तुलाच सांगते. पप्पाला बिलकुल नाही. त्यांच्या छातीत जाळी बसलीय, टेन्शन घेतील. मम्मीला सांगितलं की पप्पाला कळलंच समज." आईबापाले सांगतलं का ऑफिसचं ट्रेनिंग आहे हैदराबादले, फोन कमी होईल.

मले इतका आनंद झाला का दाण्यांसोबत टरफलंही गंजात टाकली. लहानू पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर कामाले लागले तेव्हा आमच्या गावच्यांनी भिलाईलेच परदेश म्हटलं होतं. माझी सासू स्टेशनवर रडली होती. आणि आता लहानूचीच नात पृथ्वीच्या खालच्या अंगाले चालली. हे लहानूले सांगता आलं असतं तर काय बहार होती.

एकच अडचण. आज विहारात पंचशील घेतलं. खोटं बोलणार नाही, या चौथ्या शीलावर मी तोंड बंद ठेवलं. घेऊन लगेच मोडायचं कावून? बाजूले माझी सून सुनिता बसली होती, तीही तेवढ्यातच थांबली. घसा बसला म्हणे. थंडी आहेच. नरेशले तर नेमका तेव्हाच मोबाइल पाहायचा असते.

५ फेब्रुवारी, बुधवार

पोहोचली! सकाळी सुनिता आंघोळीले गेली का आमूचा फोन येते. तिकडं तेव्हा संध्याकाळ असते, आदल्या दिवसाची. आपण तिच्या पुढं आहोत म्हणे. मी म्हणलं, मंग उद्या काय होते ते तुले सांगत जाईन.

डोंगरावरचं शहर आहे. गल्ल्या दगडाच्या, भिंती दगडाच्या, दगडाले दगड असा बसवला का मधात सुई जात नाही. चुना नाही, सिमेंट नाही. जामुलचे सिमेंटवाले पाहतील तर धंदा सोडतील. तिथल्या बायांच्या दोन वेण्या, डोक्यावर गोल टोपी, आणि पाठीवर रंगीत चादरीत बांधलेलं लेकरू. फोटो पाठवला. लेकराचं तोंड हुबेहूब आमच्या शेजारच्या तुळसाबाईच्या नातवासारखं. मी तसाच फोटो तुळसाबाईले दाखवायले निघाली होती. फाटकातून परत आली. कोणाले सांगता येत नाही, हेच लई जड आहे.

हवा पातळ आहे तिथं, चढलं का दम लागते. आमू म्हणे, मी बोटाला मशीन लावून पाहते, ठीक आहे.

त्यावरून आठवलं, नरेशचं बोटाले लावायचं मशीन सापडत नाही. डॉक्टरनं रोज पाहायले सांगतलं आहे. सुनितानं सारी कपाटं उपसली. नरेश म्हणे पडून फुटलं, फेकून दिलं. एवढं महागाचं मशीन, आणि असा बोलला का जशी खापराची पणती फुटली. त्याची तब्येत मले ठीक वाटत नाही. सकाळी जास्तच वेळ छतावर राहते. फिरायले सांगतलं डॉक्टरनं म्हणे, पण खालून पाय वाजलेले ऐकू येत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रमाई जयंती. महिला मंडळाच्या बेबीताईनं मले दोन शब्द बोलायले लावलं. मी म्हणलं, रमाईनं घर सांभाळलं म्हणून बाबासाहेब समुद्रापार शिकू शकले, घरी राहणारी बाईही अर्धा प्रवास करते. टाळ्या पडल्या. सुनितानं डोळ्याले पदर लावला. मी एवढं चांगलं बोलली असं मले वाटलं नव्हतं.

पण रात्री जेवताना काळीज तोंडात आलं. आलू-वांग्याची भाजी होती. नरेश भात कालवता कालवता म्हणे, "आई, हा आलू आपला नाही. खालच्या अमेरिकेतून आला. तिथं शेकडो जातीचे होतात, निळेसुद्धा." सुनिताच्या हातची पळी ताटावर आपटली. मी लगेच म्हणलं, हो बाबा, आणि टमाटर कुठून आले, असं करून गोष्ट नेली दुसरीकडं. सुनितानंही मले साथ दिली, कुम्हारीच्या टमाटरांचा भाव सांगत बसली. बिचारीले काही माहीत नाही आणि कामी आली.

नरेशले हे कुठून सुचते? प्लांटमध्ये मोबाइलवर काहीबाही पाहतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार, माघ पौर्णिमा

आज आमूनं जे पाठवलं ते कसं लिहू. मिठाचं मैदान, भिलाईसारखी कितीक गावं मावतील एवढं, आणि वर पावसाचं पाणी बोटभर साचलेलं. वर आभाळ, खाली तेच आभाळ. मधात माझी पोरगी, पाय खाली, पायाले लागून उलटी दुसरी आमू. मी पोथी धरावी तसा फोन दोन्ही हातांनी धरून बसली. म्हणे, "आजी, इथं आवाजच नाहीये. स्वतःचं रक्त ऐकू येतं."

मी विचारलं, भीती वाटते का? म्हणे, वाटते कधी कधी, बसमध्ये वाटते, पण मजा पण येते. मंग म्हणे, तू आहेस ना, एकाला तरी खरं सांगता येतं म्हणून हिंमत येते. मी दिवसभर याच वाक्यावर चालली.

सुनिता आजकाल संध्याकाळी मैदानात फिरायले जाते. पूर्वी म्हटलं तरी जात नसे. घरी येते तेव्हा कधी हसू असते तोंडावर, कधी डोळे लाल. या वयात बायांचं होते तसं. मी तिले काही बोलत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या खाली जंगलाच्या दरीतल्या गावाले जाणार. रस्ता डोंगराच्या कडेनं आहे. दोन-तीन दिवस नेटवर्क राहणार नाही, घाबरू नको म्हणे. मी कायले घाबरू.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. कुठंतरी पाऊस, डोंगराचा कडा रस्त्यावर आला, मातीत अर्धी बस. बाईनं गावाचं नाव घेतलं, ते लांब नाव मले समजलं नाही. पण देशाचं नाव समजलं. तेच, मिठाच्या मैदानाचं. गोल टोपीवाली एक बाई छाती पिटत होती.

नरेशनं रिमोट घेतला आणि क्रिकेट लावलं. खेळ पाहत होता असं म्हणू का? त्याचे डोळे टीव्हीच्या वरच्या भिंतीवर होते. सुनिता उठून गेली, मोरीत नळ सोडून उभी राहिली. पाणी नुसतं वाहत होतं.

मी म्हणलं, आमूचा फोन नाही आला एवढ्यात. दोघंही एकदम म्हणाले, ट्रेनिंगमध्ये असेल. एकाच वेळी, एकच शब्द.

माझी पोरगी त्या बसमध्ये आहे का नाही, हे जगात मले कोण सांगणार? मले तर त्या गावाचं नावही उच्चारता येत नाही. कोणाजवळ जाऊ? नरेश प्लांटचा माणूस, चार ओळखी आहेत, तो शोधू शकेल. पण सांगतलं आणि त्याची छाती गेली तर? मागच्या वर्षी त्याले स्ट्रेचरवर नेताना मी पाहिलं आहे, पायातले मोजे डॉक्टरनं कैचीनं कापले होते. एकीकडे पोरगा, एकीकडे पोराची पोरगी. न सांगू तर तिले कोण शोधील, आणि सांगू तर याचं काय होईल? तिनं माझ्यावर भरोसा टाकला तेव्हा मी उड्या मारल्या. आता तोच भरोसा गळ्यात पाट्यासारखा बांधला आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अजून नाही. मेसेज पाठवते तर एकच टिक येते. तुळसाबाईच्या सुनेले सहज म्हणून विचारलं, एक टिक म्हणजे काय. म्हणे, मावशी, समोरच्याचा फोन बंद आहे.

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. तिघंही आपापला फोन पालथा ठेवून जेवतात. सुनितानं भाजीत मीठ टाकलं नव्हतं, आणि नरेशनं मागितलंही नाही. माझं तोंड पाहूनच यांचं मन बसत असेल. मी हसायचं ठरवलं तर नरेश म्हणे, आई, दात दुखते का?

मी ठरवलं. माणसाले सांगता येत नाही तर सूत्रपठण तरी करते. बेबीताईकडं जाऊन आली. माझ्या गुडघ्यांसाठी आणि घराच्या मंगलासाठी म्हणून सांगतलं. उद्या दुपारी, नरेश जनरल शिफ्टले गेल्यावर. तो साडेपाचशिवाय येत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजचं आजच लिहून टाकते.

मंडळाच्या बाया आल्या, साऱ्या पांढऱ्या लुगड्यांत. दारात चपलांचा ढीग. भगवंताची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पाण्याचा लोटा, लोट्यापासून साऱ्यांच्या हातांतून फिरवलेला पांढरा धागा. आणि माझ्या मनात आलं, पुण्य पोहोचायचं कोणाले? पत्ता नको का? म्हणून आमूचा कॉलेजातला फोटो आणून मूर्तीजवळ ठेवला. समोर मेणबत्ती लावली. तुळसाबाईनं आपल्या मनानं त्याच्यावर शेवंतीचं फूल ठेवलं. बेबीताईनं माझ्याकडं पाहिलं, पण सूत्र सुरू झालं होतं, मधात बोलता येत नाही.

सुनितानं फोटो पाहिला तेव्हा ती भिंत धरून स्वयंपाकघरात गेली. मले वाटलं चहा टाकायले.

आणि फाटक वाजलं. नरेश. सुट्टी टाकून लवकर आला होता, स्कूटर बाहेरच, हेल्मेट हातात. त्यानं चपला पाहिल्या. पांढरी लुगडी पाहिली. फोटो, मेणबत्ती, फूल. आत आला नाही. ओट्यावर असा बसला का कोणी त्याले दाबून बसवलं. मी धागा टाकून बाहेर गेली, तर माझ्याकडं न पाहता म्हणे,

"आई, तुले कोणी कळवलं? मले तर एम्बसीवाला आत्ताच बोलला का अजून एकही नाव आलं नाही."

मले काही समजलं नाही. एम्बसी म्हणजे काय, आणि याले कोणाचं नाव पाहिजे? मागून सुनिता आली. तिनं दाराची चौकट धरली आणि नवऱ्याले विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

तो तिच्याकडं वळला. "तुले कोणी सांगतलं?"

"तिनंच. म्हणे मम्मी, फक्त तुला सांगते. पप्पांची छाती आणि आजीचं वय."

"मले म्हणे, बायांना सांगू नका, रडत बसतील. मीच तिचं विमानाचं तिकीट काढून दिलं."

मंग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी ओट्यावर उभी, पांढऱ्या लुगड्यात, घरात माझ्या जित्या नातीच्या फोटोसमोर मेणबत्ती जळत होती. मी ओरडलीच, "कोणी मेलं नाही! मी मंगलासाठी ठेवलं होतं. मले काही कळलं नाही, काहीच खबर नाही, म्हणून ठेवलं होतं."

नरेशनं डोकं गुडघ्यांत घातलं. पाठ हलत होती. मी आधी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि सुनिताले म्हणलं, मशीन पाहा, मशीन. तो खालूनच म्हणे, ते आमूजवळ आहे, चढावर दम लागते ना तिले.

बेबीताई बाहेर आली तेव्हा तिले अर्धंच ऐकू आलं होतं. सारं समजल्यावर तिनं आधी फोटोवरचं फूल उचललं, मेणबत्ती मूर्तीसमोर सरकवली आणि मले अशी बोलली का माझी सासू कधी बोलली नव्हती. "कमलाबाई, शहाण्या ना तुम्ही? जित्या माणसाच्या फोटोसमोर कोणी असं मांडते? पोराचा जीव घेतला असता." तिचं बरोबर होतं. मंग ती नरेशले म्हणे, ऊठ गा, हात धू, सूत्र अर्धं राहिलं आहे. त्यालेही धागा धरायले लावला. तो माझ्या आणि सुनिताच्या मधात बसला. आज तिघांनीही सारं म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खबर नाही. एम्बसीवाला म्हणे रस्ता तुटला आहे, टॉवर पडला आहे, दरीतली गावं तशीच अडकली आहेत, बसमधल्या लोकांची ओळख अजून पटायची आहे. नरेशनं हे सारं आम्हाले सांगतलं, लपवलं नाही. सुनिता म्हणे, बसमध्ये परदेशी पोरी किती होत्या ते विचारा. तो म्हणे, विचारलं. सांगत नाहीत.

नरेश कामावर गेला नाही. तिघांनी आपापले फोन टेबलावर ठेवले, उताणे. मंग सुनितानं हळूच आपले फोटो दाखवले. तिले आमूनं बाजार पाठवला होता, चुली, मागावर चादर विणणाऱ्या बाया, सुपात वाळत घातलेले आलू. नरेशजवळ भलतंच. मिठाच्या मैदानाजवळ जुन्या आगगाड्यांची इंजिनं गंजत पडली आहेत, त्यांचे फोटो, चाकाजवळून, बॉयलरच्या आतून. त्याले विचारलं होतं म्हणे, पप्पा, हे कोणतं लोखंड असेल. त्यानं दोन पानं उत्तर लिहिलं. माझ्याजवळ लेकरं आणि आभाळ. तीन फोन एकापुढं एक ठेवले तेव्हा पुरा प्रवास झाला. एकेकाजवळ तुकडाच होता.

थोडं वाईट वाटलं मले. एकटीले सांगतलं म्हणून किती मिरवली मी, मनातल्या मनात. पण मंग वाटलं, तिले प्रत्येकाजवळ एक खरं बोलायचं होतं. आम्हीच एका छताखाली राहून तीन ठिकाणी भिऊन राहिलो होतो.

सुनितानं आमूचं अंथरूण घातलं आणि परत काढलं. का घातलं ते मी विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी माझा फोन वाजला. लांबच लांब नंबर, ओळखीचा नाही. नरेशनं माझ्या हातावर हात ठेवला, म्हणे, आई, मी घेऊ का? मी म्हणलं, नाही, ही माझी वेळ आहे. एम्बसीवाला असेल तर मी ऐकीन.

"आजी?"

नरेशनं फोनचा आवाज मोठा केला. पोरगी धापा टाकत बोलत होती. तिची बस कड्याच्या अलीकडं थांबली. समोरची गेली. गावातल्या शाळेत साऱ्यांना ठेवलं होतं. त्या गोल टोपीवाल्या बायांनी आपल्या घरचे आलू उकडून खाऊ घातले. फोन भिजला. दोन दिवस पायी चालून दुसऱ्या रस्त्याले आली, आता एका दुकानवालीच्या फोनवरून बोलून राहिली आहे.

मंग आवाज बारीक करून म्हणे, "आजी, पप्पाला तर नाही ना सांगितलं काही?"

नरेश समोर, कान फोनले लावून, डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत. त्यानं मान हलवली, नाही, नाही. मले समजलं नाही. त्यानं आधी बोटानं आभाळ दाखवलं, मंग हात वरून खाली आणला. धबधबा. तिचा धबधबा राहिला आहे. घरचे रडून राहिले हे कळलं तर ही पोरगी उद्याच परत येईल.

"नाही माय," मी म्हणलं. "तो बसला असेल छतावर."

"आणि मम्मी?"

"तिले काय माहीत. तू पुढं जा. चांगलं पाहून ये."

फोन ठेवला तर सुनिता तोंडावर पदर दाबून हसत होती का रडत होती, तिलेच ठाऊक. आणि लगेच नरेशचा वाजला. तो सवयीनं उठून जिन्याकडं निघाला, दोन पायऱ्या चढला, परत आला. आमच्या मधात बसून त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

"पप्पा, आजी-मम्मी जवळ नाहीत ना?"

त्यानं आम्हा दोघींकडं पाहिलं. "कोणी नाही बेटा. बोल."

ती बोलली. तो हूं हूं करत राहिला. बोलणं झालं. सुनितानं जाऊन गॅस बंद केला, चहा तसाच गाळणीत ठेवला, आणि येऊन आपला फोन मांडीवर घेऊन बसली. नरेशनं पंखाही बंद केला. मी हे लिहून राहिली आहे तर तो मले खुणेनं सांगते, पेनाचा आवाज करू नको.

वाजला.